'डिअर' दिसला की लगेच 'प्रिय' लिहू नका

'डिअर' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला पगारबिलात. लेखा शाखेत ३१ वर्षं कारकुनी केली, त्यातली निम्मी तरी 'डिअरनेस अलाउन्स'चे रकाने भरण्यात गेली. डी.ए. वाढला की कार्यालयात पेढे, मागून थकबाकीची बिलं आणि माझ्या टेबलाभोवती गर्दी. डिअर म्हणजे महाग हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की कुणी 'डिअर सर' असं लिहिलेलं दिसलं की साहेबच महाग झाल्यासारखे वाटायचे.

निवृत्तीनंतर इंग्रजीचं मराठी करायचा नाद लागला. ओळखीपाळखीची माणसं जुने कागद, पत्रं घेऊन येतात, मी चहावर काम करून देतो. या नादात एवढ्याशा शब्दाने मला जितकं घुमवलं तितकं कायद्याच्या इंग्रजीनेही घुमवलं नाही. ज्यांना इंग्रजी पत्रं, जुन्या कादंबऱ्या, आजीआजोबांच्या पेटीतले कागद मराठीत आणायचे असतील, त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे मांडतो. ती मी शिकलो आमच्या शेजारच्या वहिनींच्या ट्रंकेवर.

वहिनींचे सासरे, म्हणजे त्यांचे मामंजी, १९४९ ते १९५१ लीड्सला कापडाचं तंत्र शिकायला होते. तिथे ज्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले, त्या पुढे बारा वर्षं त्यांना इचलकरंजीच्या पत्त्यावर पत्रं लिहीत राहिल्या. २३ पत्रं, निळ्या शाईची, कडा झिजलेली. घरात या बाईंचं नाव 'लोणीवाली मडम'. का, ते कुणालाच सांगता येईना. वहिनींना एवढंच ठाऊक होतं, की मामंजी बाहेरगावी असताना एकदा पत्र आलं, ते मॅट्रिकला असलेल्या पुतण्याने घरच्यांना वाचून दाखवलं, आणि त्यात मडमेने लोणी आपल्याला फार प्रिय असल्याचं लिहिलं होतं. सासूबाईंनी लगोलग घरचं तूप कढवून डबा बोटीने रवाना करायला लावला.

ते पत्र सापडलं. १९५५ चं. ओळ अशी: 'बटर इज ऑफ द रेशन नाऊ, बट इट इज सो डिअर.' युद्धात सुरू झालेलं ब्रिटनमधलं अन्नधान्याचं रेशनिंग १९५४ मध्ये पुरतं संपलं. बाई सांगत होत्या, की आता लोणी हवं तेवढं मिळतं, पण परवडत नाही. पुतण्याने शाळेत शिकलेला 'डिअर म्हणजे प्रिय' हा अर्थ तिथे चिकटवला आणि एका काटकसरी बाईला खवय्यी करून टाकलं. मामंजींना इंग्रजी येत होतं, त्यांना चूक कळलीच असणार. पण डबा गेला. पुढच्या पत्रात त्याची पोच आहे, त्याकडे येतोच.

तर पहिलं काम. डिअर दिसला की वाक्यात काय चाललंय ते पाहा: माणूस, की माल? लोणी, कोळसा, भाडं, तिकीट, जमीन यांच्याशेजारी 'इज डिअर' आलं तर बहुधा महाग. 'डिअर मनी पॉलिसी' म्हणजे व्याजदर चढे ठेवायचं धोरण. स्पर्धा परीक्षेच्या एका पोराच्या वहीत मी त्याचं मराठी 'प्रिय पैसा धोरण' असं पाहिलंय. पैसा सगळ्यांनाच प्रिय, त्याला धोरण कशाला? 'महाग पैशाचे धोरण' लिहा. खुद्द इंग्लंडात हा महागाचा अर्थ आता जुन्या पिढीकडे उरलाय, आयर्लंड-स्कॉटलंडात मात्र दुकानात सर्रास ऐकू येतो. आपल्याकडे तो भत्त्याने जिवंत ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या पाठोपाठ हा भत्ता सुरू झाला तेव्हा त्याचं नाव 'डिअर फूड अलाउन्स' होतं. आज हे नाव वाचून कुणी आवडत्या खाऊचा भत्ता समजेल.

आता हे दोन अर्थ एका शब्दात आले कसे, याची थोडी उकल करून घेतली की पुढचं काम हलकं होतं. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'देओरे'. मौल्यवान, किमती आणि लाडका हे तिन्ही अर्थ हजार वर्षांपूर्वीच त्याच्या पोटात होते. त्याच्या भावंडांकडे पाहा: जर्मनमध्ये 'टॉयर' म्हणजे मुख्यतः महाग, डच 'ड्यूर' म्हणजे महाग, स्वीडिश 'द्यूर' महागच. या भावंडांनी व्यवहाराचा अर्थ पुढे ठेवला आणि इंग्रजीने मायेचा पुढे काढला. 'वॉर्म'पासून 'वॉर्म्थ' होतं तसं 'डिअर'पासून झालं 'डर्थ'. मूळ अर्थ महागपणा, मग धान्य महागलं म्हणजे टंचाई, आणि टंचाईतून दुष्काळ. आज 'डर्थ ऑफ आयडियाज' म्हणजे कल्पनांचा दुष्काळ म्हणतात, त्यात डिअर लपलाय हे इंग्रजांनाही सांगावं लागतं.

आणि आपला 'महाग' तरी कुठून आला? संस्कृत 'महार्घ', महा अधिक अर्घ. अर्घ म्हणजे मूल्य. त्याच अर्घातून 'अर्घ्य', पाहुण्याला किंवा देवाला आदराने द्यायचं पाणी. म्हणजे किंमत आणि आदर आपल्याकडेही एकाच घरात नांदत होते, फक्त महाग बाजाराकडे गेला आणि अर्घ्य देवघराकडे. मोलाचंही तेच: 'लाखमोलाचा माणूस' आणि 'मोलकरीण' यांत एकच मोल आहे. हे ध्यानात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

कोश कसा बघायचा, तेही सांगतो. साधा कोश सगळ्यात चालू अर्थ आधी देतो, जुन्या पत्राला तो पुरत नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ वयाप्रमाणे लावतो, आधी म्हातारे, मग तरुण, आणि प्रत्येकाखाली त्या त्या काळातली वाक्यं देतो. १८८४ मध्ये पहिला भाग निघून १९२८ मध्ये काम पुरं झालेला हा कोश म्हणजे शब्दांचं सेवापुस्तकच: नेमणूक कधी, बढती कधी, निवृत्ती कधी. आपलं पत्र ज्या सालचं, त्या सालाच्या आसपासची वाक्यं वाचायची. मराठी बाजूला मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश जवळ ठेवावा. त्यातले सगळेच शब्द आज चालणार नाहीत, पण विसरलेले बरेच हाताशी येतात.

मी याशिवाय एक रजिस्टर आखतो, सवय जात नाही. रकाने असे: तारीख, कोण लिहितंय, कोणाला, डिअर वाक्यात कुठे बसलाय, आणि शेवटचा 'किंमत / माया / नुसता उसासा'. या शेवटच्या प्रकाराने माझीच फजिती केली. १९६३ च्या पत्रात बाईंनी सुरुवात केली होती: 'डिअर, डिअर, व्हॉट अ विंटर!' त्या वर्षी ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. मी लिहिलं, 'प्रिय प्रिय, काय हा हिवाळा!' वहिनींची नात शेजारी बसून टाइप करत होती. ती म्हणाली, "आजोबा, ही बाई हिवाळ्याला का लाडात घेतेय?" तेव्हा उजेड पडला. 'ओह डिअर', 'डिअर मी', 'डिअर डिअर' हे नुसते उद्गार आहेत. 'अगंबाई', 'अरेरे', 'अरे देवा', 'काय बाई तरी' यांतला बोलणाऱ्याच्या तोंडी शोभेल तो घ्यावा. लीड्सच्या म्हाताऱ्या बाईला मी शेवटी 'काय बाई हा हिवाळा!' दिलं. पुरुष असता तर 'छे छे, काय हा हिवाळा' झालं असतं.

आता मायना. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी पत्राच्या डोक्यावर डिअर बसतोय आणि बसून बसून त्यातली माया झिजून गेलीय. वीजबिलाची तक्रारही 'डिअर सर'नेच सुरू होते. तिथे 'प्रिय महोदय' लिहिणं म्हणजे ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच गळ्यात पडणं. 'महोदय' पुरे. अर्धशासकीय पत्रात मात्र 'प्रिय श्री.' हा रिवाज आहे, तिथे तो ठेवा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैनिकाला प्रेयसीचं संबंध तोडणारं पत्र यायचं, त्याला नावच 'डिअर जॉन लेटर' पडलं, कारण 'डार्लिंग'ऐवजी कोरडा डिअर दिसला की बिचाऱ्याला पुढचं वाचायची गरज नसायची.

'माय' लागला की काय होतं, हे लिहिणारा कुठला त्यावर ठरतं. जुन्या ब्रिटिश पत्रात 'माय डिअर मिस्टर अमुक' हे नुसत्या 'डिअर मिस्टर अमुक'पेक्षा जवळिकीचं. अमेरिकन रिवाजात नेमकं उलट, 'माय डिअर' जास्त औपचारिक. म्हणून रजिस्टरात गाव आणि देश टाकायला विसरू नका.

वहिनींच्या गठ्ठ्यात मी पत्रं तारखेने लावली, तेव्हा नुसते मायने वाचूनच गोष्ट कळली. १९५१ ची पहिली दोन 'डिअर मिस्टर' आणि आडनाव. तिसऱ्यात 'माय डिअर मिस्टर'. पाचव्यात आडनाव गळलं, 'माय डिअर बॉय' आलं, आणि तिथून शेवटपर्यंत तेच. म्हणून सगळीकडे एकच मराठी मायना छापून चालणार नव्हतं. पहिल्या दोघांना 'स. न. वि. वि.' दिलं. तिसऱ्याला 'सप्रेम नमस्कार' पूर्ण अक्षरांत, कारण आद्याक्षरं उलगडून लिहिली की थोडी ऊब येते. 'माय डिअर बॉय'पाशी अडलो. 'प्रिय मुला' लिहून वाचून दाखवलं तर वहिनी म्हणाल्या, "मामंजींना कुणी प्रिय मुला म्हणतंय हे ऐकवत नाही हो, भाषांतर वाटतं." बरोबर होतं त्यांचं. मराठीत आई मुलाला प्रिय म्हणत नाही. शेवटी 'चि.' घातलं आणि पुढे 'अनेक उत्तम आशीर्वाद'. इंग्रज बाई आशीर्वाद देईल का, हा आक्षेप नातीने घेतला. मी म्हटलं, बारा वर्षं पत्र लिहिणारी बाई आशीर्वादच देत असते.

बोलण्यातला 'माय डिअर' आणखी फसवा. नवरा बायकोला म्हणतो तेव्हा जुन्या घरात 'अगं' पुरतं, बायको नवऱ्याला म्हणते तेव्हा 'अहो'. त्या दोन अक्षरांत जे आहे ते 'प्रिये'त नाही, 'प्रिये' नाटकातलं. वकील समोरच्याला 'माय डिअर सर' म्हणाला तर तो चिडलाय: 'अहो महाशय'. 'बी अ डिअर अँड शट द डोअर' म्हणजे 'राजा, तेवढं दार लोटतोस का?' 'ही इज अ डिअर' म्हणजे 'गुणाचा आहे हो'. आणि 'द ओल्ड डिअर नेक्स्ट डोअर' म्हणजे 'शेजारची आजीबाई', किंचित खट्याळपणे.

तुपाच्या डब्याची पोच या जागी. बाईंनी लिहिलं होतं, 'द डिअर लिटल टिन'. प्रिय छोटा डबा? नव्हे. 'डिअर लिटल' जोडीने आला की तो नुसता कौतुकाचा सूर असतो. मी लिहिलं, 'तो एवढुसा गोड डबा'. त्याच पत्रात त्यांनी विचारलंय, की हे पिवळं रवाळ प्रकरण पावाला लावायचं की अंगाला.

काही वाक्प्रचार असे आहेत की तिथे मराठी आधीच तयार उभी असते, शोधायचे कष्ट नाहीत. 'इट कॉस्ट हिम डिअर' म्हणजे 'त्याला महागात पडलं', टाक्याला टाका. पण बाकीच्यांकडे पाहा. 'डिअर फ्रेंड' जिवलग मित्र. 'नियर अँड डिअर वन्स' जिवाभावाची माणसं. 'टु होल्ड डिअर' जिवापाड जपणं. 'टु रन फॉर डिअर लाइफ' जीव मुठीत धरून पळणं. इंग्रजीचा डिअर किमतीचा हिशेब ठेवतो आणि मराठी प्रत्येक ठिकाणी जीव काढून पुढे ठेवते. ही चाल एकदा कळली की 'प्रिय'कडे हात जातच नाही. अडलात तर आधी जीव असलेला शब्द आठवून बघा, दहांतल्या सातांना तिथेच काम होतं असा माझा अनुभव आहे.

'प्रिय'वर माझा राग नाही. त्याचं कूळ मोठं आहे. तो ज्या धातूतून आला, त्याच धातूतून इंग्रजीतला 'फ्रेंड' आणि 'फ्री' आले. आपला 'प' तिकडे 'फ' होतो, पितृ-फादर, पाद-फूट तसं. म्हणजे 'डिअर फ्रेंड' या जोडीत प्रियचा खरा नातलग दुसरा शब्द आहे, पहिला नाही.

'डार्लिंग'लाही लोक नाटकात ढकलतात. तो 'डिअर'लाच 'लिंग' हा लहानपणाचा प्रत्यय लागून झालाय, बदकाच्या पिल्लाला 'डकलिंग' म्हणतात तो. किमतीचा शब्द आणि त्याला लडिवाळ शेपूट. आपल्याकडे हुबेहूब तसाच घडलेला शब्द आहे: सोन्याला 'उला' लावून 'सोनुला'. आई मुलाला डार्लिंग म्हणत असेल तर डोळे मिटून 'सोनुल्या' लिहा. प्रियकर म्हणत असेल तर मात्र डोळे उघडे ठेवा.

हरणाचा 'डीअर' वेगळा, डी-डबल ई-आर. जुन्या इंग्रजीत तो कुठलंही जनावर होता, पुढे हरणापुरता उरला. रजेच्या अर्जांवर 'हरीण साहेब' मी इतक्या वेळा पाहिलेत, की शेवटी दुरुस्त करणं सोडून दिलं.

सतराव्या शतकाच्या आसपासचं काही हाती आलं तर जास्त जपा. हॅम्लेट 'माय डिअरेस्ट फो' म्हणतो, तिथे परमप्रिय शत्रू नाही, कट्टर वैरी आहे. कठोर, जीवघेणा अशा अर्थाच्या या 'डिअर'ची कोशात वेगळी नोंद सापडेल. आणि शेक्सपिअरच्या १६०९ मध्ये छापलेल्या सुनीतांपैकी ८७ वं 'तू मला परवडण्यापलीकडे डिअर आहेस' अशा अर्थाच्या ओळीने निरोप घेतं, त्यात महाग आणि लाडका दोन्ही एकदम. असल्या ठिकाणी दोहोंतला एक निवडला की ओळ मेली.

मला वाटलं होतं असलं संकट आपल्यावर येणार नाही. पण ते लीड्सच्या बाईंनीच आणलं, शेवटच्या पत्रात. त्या पत्राचा शेवट आधी सांगतो, कारण तो सोपा होता. 'विथ लव्ह'. लीड्सकडे दुकानदारही गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणून हाक मारतो, त्यामुळे त्यात प्रेमिकांचं काही नाही. आणि 'लव्ह'चा धातू तोच, ज्यातून संस्कृत 'लुभ्' आणि आपला 'लोभ' आला. षड्रिपूंतला लोभ वेगळा, आपण पत्राखाली लिहितो तो वेगळा. 'लोभ आहेच, तो वाढावा' एवढं लिहिलं आणि हजारो वर्षांपूर्वी पांगलेली दोन भावंडं एका ओळीत भेटली. भाषांतरात असा योग क्वचित येतो, आला की दुसरा चहा प्यावा.

संकट त्याच्या वरच्या ओळीत होतं: 'पोस्टेज इज डिअर, अँड सो आर यू.' टपाल महाग झालंय आणि तूही. महाग लिहिलं तर तू महाग म्हणजे भेटेनासा झालास, असा टोमणा होतो. प्रिय लिहिलं तर टपाल कुणाला प्रिय? चार दिवस घातले. पाचव्या दिवशी दळण आणायला गेलो असताना मोल आठवलं, लाखमोलाचा माणूस आणि मोलकरीण. घरी येऊन लिहिलं: 'टपालाचं मोल वाढलंय, आणि तुझंही.'

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. मग मूळ पत्र मागून घेतलं, चष्मा पुसला आणि ते उलटं करून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात मामंजींच्या बारीक अक्षरात 'उत्तर दिले' लिहून तारीख घातली होती. पत्र पोचल्याचा जो शिक्का होता, त्याच दिवसाची. खाली टपालखर्चाचा आकडा, आणि त्यावर काट मारलेली.